काल फोन मध्येच ठेवलास म्हणून

नंदगड, ता. खानापूर

चि. सुनीता हिस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास. मीही आवाज चढवला होता. आई खाटेवरून ऐकत होती. रात्री पेजेची वाटी तिने अर्धीच परत दिली.

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनपायी तू सरकारी नोकरीतून सहा महिने बिनपगारी रजा टाकून येते म्हणालीस. ये बाई, पण मंजुरीचा कागद हातात पडल्याशिवाय बेंगळूर सोडू नकोस. एवढंच सांगायचं होतं.

पोस्टातून रिटायर झालेल्या आपल्या गल्लीतल्या तात्यांना सकाळी विचारून आलो. त्यांनी अर्जित, म्हणजे पूर्ण पगाराच्या कमावलेल्या रजेचा हिशोब सांगितला: वर्षाला ३० दिवस, १५ जानेवारीत अन् १५ जुलैत जमा होतात, ३०० पर्यंत साठतात. वर अर्ध्या पगाराची वर्षाला २०. तुझी अकरा वर्षं झाली, त्या अर्धपगारीला तू हात लावलेला नाहीस, म्हणजे २२० दिवस तिथंच पडलेत. घरच्या कामासाठीही ती मिळते. मग बिनपगारी कशाला? पोरांच्या दहावीला रजा हवी म्हणून राखतेस, ते कळतं. पण बिनपगारी दिवस वेतनवाढीत धरत नाहीत. आजारपणाच्या दाखल्यावर धरतात, पण तो दाखला तुझ्या स्वतःच्या आजाराचा लागतो. आईचं खुब्याचं ऑपरेशन त्यात चालत नाही.

आणि रजा हा हक्क नाही, साहेबांनी मंजूर करायची असते. तोंडी 'जा' म्हणाले म्हणून निघायचं नाही.

लेक्चर झालं. माफ कर. पण तुझी आजी शेवटची आजारी होती तेव्हा मी कौलांच्या कारखान्यात होतो. मुकादमाला तोंडी सांगून घरी आलो. नऊ दिवस तिच्या उशाशी बसलो. ती माझी दोन बोटं धरून झोपायची, हात हलवला की डोळे उघडायची. दहाव्या दिवशी गेली. दिवस-कार्य उरकून कामावर गेलो, तर हजेरीपटावर माझ्या नावावर तांबडी रेघ. पुढची चार वर्षं आपण कसं काढलं ते तुझ्या आईला विचार, ती अजून सांगत नाही.

तुझी नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी धो धो पाऊस होता. पोस्टमननं प्लॅस्टिकच्या पिशवीतून लखोटा काढला. माझी बोटं ओली, म्हणून आईनं पदराला हात पुसून सही केली. मराठी शाळेतली पोर, कानडी रात्री जागून शिकली आणि सरकारी नोकरीत गेली. त्या नोकरीच्या कागदावर कुणी रेघ ओढू नये, बस.

आई कालपासून विचारतेय, सुनी कधी येणार. मी म्हटलं, येईल. खोटं नाही बोललो ना?

आधी अर्धपगारीचा अर्ज कर. ती अडली तर बिनपगारी माग, पण लेखी. येताना चार पायांची ती धरून चालायची काठी आण, बेळगावात मिळते ती फार जड आहे, आईला उचलत नाही.

फोन कर. मी आवाज चढवणार नाही.

तुझे अप्पा

ता. क. अर्जाची पोच घे, तारीख-शिक्क्यासह.