होडीची बॅटरी, पार्किंग आणि आमची कमिटी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी कळव्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत पॅनल वायरिंगमध्ये 22 वर्षं काढली, आणि गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाकडाची एक होडी बांधली. कौतुक करून घ्यायला लिहीत नाहीये, सोसायटीने लिथियम बॅटऱ्यांवर घातलेल्या बंदीबद्दल तक्रार आहे, पण होडीशिवाय तक्रार कळणार नाही म्हणून आधी थोडं तिच्याबद्दल.

माझ्याकडे गाडी नाही, पार्किंगचा बॉक्स मात्र आहे, साधारण 5 मीटर बाय अडीच मीटर. 14 फुटी निमुळती होडी, परदेशात जिला कनू म्हणतात ती, त्यात बसते आणि कडेने माणूस फिरू शकतो. 6 एमएमच्या मरीन प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडेला चार-चार बोटांवर बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने पट्ट्या एकमेकींना अक्षरशः शिवायच्या (तार आयती होती, जुन्या केबल सोललेल्या), मग आतून इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद) लाकडाचा भुसा कालवून सांधे भरायचे आणि वरून फायबर ग्लासची पट्टी. प्लाय 8 फुटी येतो म्हणून 14 फुटांसाठी दोन तुकड्यांची टोकं तिरकी तासून चिकटवावी लागतात, तिरका उतार जाडीच्या आठपट, म्हणजे 6 एमएमला 48 एमएम. रंधा मारताना पहिले दोन सांधे वाया गेले ते गेलेच.

प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय स्टँडर्डचा, शिक्का आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका एवढं सांगतो. त्या स्टँडर्डप्रमाणे तुकडा 72 तास उकळला तरी थर सुटायला नको. मी दुकानातून आणलेला पहिला तुकडा घरी पातेल्यात चार तास उकळला तर बाकरवडीसारखे पापुद्रे सुटले, शिक्का मात्र शाबूत! पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, ते वेगळं ऐकून घेतलं. आणि इपॉक्सीत हार्डनर जास्त ओतला की लवकर वाळतं हा समज आपल्याकडे पॉलिस्टर रेझिनमुळे आलाय, इपॉक्सीला ते चालत नाही, माप चुकलं की ते जन्मभर चिकटच राहतं. मे महिन्यात मी एकदम मोठा मग भरून कालवलं तर पाच-सात मिनिटांत मग हाताला चटका बसेल इतका तापला आणि धूर यायला लागला. मग परातीत पसरून थोडं थोडं वापरायला शिकलो. पावसाळ्यात त्याच्यावर तुपकट थर येतो, तो पाणी आणि भांड्याच्या हिरव्या घासणीने काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही.

इथपर्यंत कमिटीचं काही म्हणणं नव्हतं, उलट संध्याकाळी अर्धी बिल्डिंग चहा घेऊन बघायला यायची. भानगड झाली बॅटरीवरून.

होडीला मागे छोटी इलेक्ट्रिक मोटर लावायची होती, 12 व्होल्टची, 30 पाउंड थ्रस्टवाली, म्हणजे तेवढ्या जोराने होडी ढकलणारी. फुल स्पीडला ती 30 अँपिअरच्या आसपास खाते. त्यासाठी मी लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सिरीजमध्ये जोडून बॅटरी बनवली, एक सेल 3.2 व्होल्टचा, चार मिळून 12.8, 100 अँपिअर अवर. म्हणजे पूर्ण वेगात तीन तास, निम्म्या वेगात त्याच्या दुप्पट-तिप्पट. वजन पेटीसकट 11 किलो. एवढंच काम इन्व्हर्टरच्या लेड ॲसिड बॅटरीकडून घ्यायचं तर पन्नास किलोच्या वर ओझं, ते असल्या होडीत ठेवलं तर मी कुठे बसू.

आता माझी चूक सांगतो, ती लपवून पत्र लिहिण्यात अर्थ नाही. सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या आवळताना पान्ह्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायचा कंटाळा केला. 22 वर्षं दुसऱ्यांना ओरडत आलो आणि स्वतः तेच केलं. पान्हा प्लस आणि मायनसला एकदमच टेकला, मोठा आवाज, निळा उजेड, आणि पान्ह्याचं टोक मेणासारखं वितळून गेलं. असे सेल शॉर्ट झाले की हजार अँपिअरच्या पुढे करंट फेकतात. मला काही झालं नाही, सेलला काही झालं नाही, पण त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येत होत्या. रात्री नऊच्या आत सगळ्या ग्रुपवर "पार्किंगमध्ये लिथियमचा स्फोट". चौथ्या दिवशी नोटीस लागली की सोसायटीच्या आवारात कोणत्याही प्रकारची लिथियम बॅटरी ठेवायला आणि चार्ज करायला मनाई.

काकूंची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. 2022 मध्ये स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, त्यानंतर सरकारला बॅटऱ्यांचे नियम कडक करावे लागले. माझ्या बॅटरीतलं रसायन त्यातल्या त्यात शांत, बिघडायला जास्त तापमान लागतं, पण पेटत नाही असं नाही. प्रश्न नोटिशीचा आहे. आमच्याकडे पाच इलेक्ट्रिक स्कूटर आहेत. आधी त्या पार्किंगमध्ये चार्ज व्हायच्या, एकाची वायर तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली लोंबायची, ते काही बरोबर नव्हतंच. पण नोटीस लागल्यापासून लोक बॅटरी काढून पिशवीतून वर नेतात आणि रात्रभर दाराजवळ, चपलांच्या स्टँडशेजारी चार्जिंगला लावतात. म्हणजे उद्या खरंच काही झालं तर आग बाहेर पडायच्या एकुलत्या एक वाटेवर, आणि घरातले सगळे झोपलेले. पार्किंग तिन्ही बाजूंनी उघडं तरी होतं!

आणि ज्यांनी नोटिशीवर सही केली त्यांच्या गॅलरीत इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आहे. लोडशेडिंगच्या काळात घराघरात आली ती अजून आहे. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो, बॅटरीच्या टर्मिनलवर फ्यूज बहुतेकांकडे नाही, आणि वर कपडे वाळत घातलेले असतात. तिला कोणी बॉम्ब म्हणत नाही, कारण ती ओळखीची आहे.

कमिटीने मला "लिथियम आहे का" याच्याऐवजी "फ्यूज कुठे आहे" असं विचारलं असतं तर मी खुशाल पेटी उघडून दाखवली असती. अमेरिकेतल्या बोटींच्या स्टँडर्डमध्ये फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत मागतात, माझा चार इंचांवर आहे. फ्यूज बॅटरीला वाचवत नाही, वायरीला वाचवतो, बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच वाली नसतो म्हणून तो आखूड ठेवायचा. कारचा साधा फ्यूज इथे उपयोगाचा नाही, हजार अँपिअरला तो तुटतो पण आतल्या आत ठिणगीतून करंट वाहतच राहू शकतो, म्हणून एवढा शॉर्ट तोडू शकेल असा मुद्दाम बघून घेतला. घरातला एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) लावू का असं दोघांनी विचारलं. नाही. घरातला करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्या क्षणाला एमसीबीतली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येतच नाही.

वायर 10 स्क्वेअर एमएमची, कलई केलेली. (भांड्याला करतात तीच कलई, उघडं तांबं खाडीच्या हवेत हिरवं पडतं.) मोटर मागे, बॅटरी तोल साधायला पुढे, जाऊन येऊन सात मीटर वायर. अडीच एमएमची वापरली असती तर 30 अँपिअरला दीड व्होल्ट वायरीतच गेला असता, पंचेचाळीस वॅट नुसती वायर तापवायला, आणि तीही लाकडाला चिकटून. आतलं पाणी उपसायच्या पंपाला वेगळी लाइन, वेगळा फ्यूज, मेन स्विच बंद असला तरी चालू. रात्रीसाठी चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटच्या (तासाला साधारण 13 किलोमीटर) आत चालणाऱ्या मोटरबोटीला समुद्रावरच्या टकरी टाळायच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत एवढा चालतो. सेलवर लक्ष ठेवायला बीएमएस नावाचं सर्किट आहे, एखादा सेल 3.65 व्होल्टच्या वर जायला लागला की चार्जिंग तोडतो. चार्जर याच रसायनाचा, 14.6 व्होल्टला थांबणारा. लोक इथेच माती खातात, बॅटरी चांगली घेतात आणि चार्जर कपाटात पडलेला कुठला तरी.

होडी पाण्यात गेली का असं सगळे विचारतात. गेली, कशेळीच्या बाजूला, ओळखीच्या कोळीमामांच्या होडीला दोर बांधून आणि लाइफ जॅकेट घालून, पण नुसत्या वल्ह्यावर. भरती केव्हा ते मामांनी मोबाईल न बघता सांगितलं, तिथीची पाऊणपट करायची, अष्टमीला सहा वाजता. तळाला थेंबभर पाणी आलं नाही. मोटरचे कागद अजून चालू आहेत, तोवर ती 200 लिटरच्या ड्रममध्येच फिरवून बघितली, क्लॅम्प मीटरवर 29 अँपिअर आले आणि पार्किंगभर पाणी उडालं. फ्लेमिंगो अभयारण्याच्या बाजूला मी जाणार नाही, ती पाखरांची जागा आहे.

आपल्याला विनंती एवढीच की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांसाठी अग्निशमन दलाच्या कोणा जाणकाराकडून यावर एक सविस्तर लेख घ्या. पार्किंगच्या उघड्या बाजूला, जिना आणि मीटर रूमपासून लांब, नीट अर्थिंग केलेला, आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) लावलेला चार्जिंग बोर्ड कसा असावा हे साध्या मराठीत आलं तर कमिट्यांना मनाईची नोटीस लावण्यापलीकडे काही सुचेल. आमच्याकडे वायरिंगची मजुरी मी फुकट द्यायला तयार आहे असं लेखी दिलंय, उत्तर आलेलं नाही.

बॅटरी सध्या ऐरोलीला मेहुण्याच्या बंगल्याच्या पडवीत आहे आणि होडी माझ्या बॉक्समध्ये ताडपत्रीखाली. पुढच्या महिन्यात एजीएम आहे. वितळलेला पान्हा जपून ठेवलाय, तो बरोबर नेणार आहे, काकूंना म्हटलंय पहिल्या रांगेत बसा.

आपला,
एक वाचक, कळवा (ठाणे)