'शब्द' या शब्दात अक्षरं किती?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याखाली 'जोडाक्षर एकाच चौकोनात लिहावे' अशी बारीक टाइपातली ओळ असते. माणसाला ती पुरते. मोबाइलवरचे मराठी शब्दखेळ अक्षरं चुकीची मोजतात, अशी तक्रार मध्यंतरी याच सदरात एका वाचकानं केली होती. त्या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे, म्हणून हे पत्र.

इचलकरंजीत माझं डीटीपीचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की तासभर रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गेम करत बसतो. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. त्यासाठी गोसू नावाची लायब्ररी, म्हणजे गेमसाठीचा तयार कोड, वापरतो. पहिल्या गेममध्ये वरून अक्षरं पडायची आणि टोपलीत झेलून शब्द जुळवायचा. 'शब्द' हाच शब्द घातला, तर चार तुकडे पडले: श, ब, नुसताच हलन्त आणि द. यात रुबीचा दोष नाही. संगणक अक्षरं ज्या युनिकोड पद्धतीनं साठवतो, तिच्यात 'ब्द' असं सबंध अक्षर नसतंच. ब आणि द यांच्यामध्ये हलन्त ठेवलेला असतो, आणि लांबी विचारली की रुबी चारही मोजते. शब्द उलटा करायला सांगितला, तर 'द्बश' असं काहीतरी आलं. भाचीला ते इतकं आवडलं की आठवडाभर घरात सगळे द्बश होते.

2017 च्या नाताळात आलेल्या रुबी 2.5 पासून यावर एक तयार सोय आहे. माझ्या संगणकावरच्या आवृत्तीत तिनं मात्रा अक्षराला चिकटवल्या, पण जोडाक्षर तोडलंच: श, ब्, द. मग स्वतःच लिहिलं. व्यंजन, मग हलन्त-व्यंजन अशी जोडी कितीही वेळा, मग मात्रा, मग अनुस्वार. रुबीत अशा कोडच्या तुकड्याला (मेथडला) देवनागरी नाव चालतं, म्हणून नाव 'अक्षरे'च ठेवलं. (भाषा करणारे युकिहिरो मात्सुमोतो जपानी; रोमनबाहेरच्या लिपीचं दुखणं त्यांना कुणी सांगायला नको.)

खरी फजिती पुढे झाली. आधी मी शहाणपणा करून रुबीची लांबी मोजणारी मूळ 'लेंथ'च बदलून टाकली, तर टाइप करतानाचा कर्सर भलतीकडेच उड्या मारू लागला. ते काढलं. मग हीच 'अक्षरे' तीन गेमच्या तीन फोल्डरांत कॉपी करून टाकली. दुकानातल्या जुन्या फाइलीतून शब्द घेतले, तेव्हा 'दऱ्या' फुटला: द, पाय मोडलेला र्, या. काही जुन्या मजकुरात 'ऱ्या'मधल्या त्या आडव्या र नंतर हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. माझ्या नियमात त्याला जागाच नव्हती. एका फोल्डरात दुरुस्त केलं आणि विसरलो. दोन महिन्यांनी भाची दुसऱ्या गेममध्ये म्हणाली, "मामा, दऱ्या परत तुटली." आता ती फाइल एकाच जागी आहे, तिन्ही गेम तिथूनच घेतात. 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, तेही तिथेच निस्तरलं.

हाताशी असावेत म्हणून गोळा केलेले कोडचे दुसरे चाळीसेक तुकडे पडून आहेत, त्यांतला एकही लागला नाही. ही एक फाइल मात्र रोज लागते, कारण ती माझ्याच अडचणीतून निघाली. मराठी शब्दखेळ करणारा प्रत्येक जण हाच खड्डा नव्यानं खणत असणार. आपल्या कोड्याचे चौकोन संगणकावर आखणाऱ्यांनाही तो भेटलाच असेल. त्यांनी यावर काही केलं असेल, तर एकदा छापावं, ही विनंती.

माझी फाइल साठ ओळींचीही नाही. हवी असेल त्यानं पेनड्राइव्ह घेऊन दुकानात यावं, पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. संध्याकाळी सहानंतर लग्नपत्रिकांची गर्दी असते, तेवढी वेळ टाळावी.

— एक डीटीपीवाला, इचलकरंजी