वेड लागत नाही, आत्या

सॅन फ्रान्सिस्को

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तो एचआयव्हीचा विषाणू मेंदूत जातो म्हणे, मग म्हातारपणी वेड लागतं की काय?" तुझ्या ओळखीच्या, एचआयव्ही असलेल्या ताई हल्ली विसरतात आणि त्या धास्तीनं त्यांना झोप लागत नाही, हे ऐकून वाईट वाटलं. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

नियमित औषध घेतलं तर सहसा वेड लागत नाही. विषाणू मेंदूत जातो हे मात्र खरं, आणि लागण झाल्यावर थोड्याच आठवड्यांत जातो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर तो आत शिरतो. चेतापेशींना तो सहसा धरत नाही. त्यांची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत ठाण मांडतो. गोळ्यांमुळे रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला तरी काही जणांच्या मेंदूत थोडी सूज वर्षानुवर्षं टिकते. तू वॉर्डात पाहिलेली माणसं घरच्यांनाही ओळखायची नाहीत. तितका तीव्र आजार नियमित औषध घेणाऱ्यांत आता क्वचितच दिसतो. आता दिसतो तो मंदपणा. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत.

इथल्या अभ्यासात आम्ही हे मोजतो कसं, सांगते. एका पाटीवर २५ भोकं असतात, प्रत्येकाची खाच वेगळ्या दिशेला. धातूची खुंटी बोटांत फिरवून त्या खाचेत बसवायची, आणि आम्ही घड्याळ लावतो. मग शब्दांची यादी वाचून दाखवतो. परवा सत्तरीतले एक गृहस्थ अर्ध्या तासानं जेमतेम चार शब्द सांगू शकले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नंतर आम्ही मोठी यादी वाचली तेव्हा त्यातले आधीचे शब्द त्यांनी जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. म्हणजे शब्द आत होते, फक्त हाताशी यायला वेळ लागत होता. अल्झायमरमध्ये बहुधा शब्द आत साठतच नाही. ताईंना हा फरक सांग.

या शहरातल्या जनरल हॉस्पिटलात १९८३ साली एड्सच्या रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला, आणि तो उभा केला तो नर्सनी. भीतीनं कुणी जवळ जात नव्हतं तेव्हा त्या हातमोजे न घालता रुग्णांचा हात धरून बसायच्या. तुला आवडली असती ती माणसं. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं, तोवर जे तगले तेच आज माझ्यासमोर बसतात. आपण म्हातारे होऊ असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मित्र गेले, नोकऱ्या सुटल्या, पुंजी संपली. अशा माणसाचे गुण कमी आले की सगळं विषाणूच्या माथी मारणं मला पटत नाही. औषधाआधी सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फार खाली गेलेल्यांना त्रास जास्त होतो, हे खरं. पण रक्तदाब, साखर, नैराश्य आणि एकटेपणाही मेंदूला पोखरतात, आणि त्यांवर आजच काही करता येतं.

अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पन्नाशीपुढचे आहेत. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असलेले आता तिथेच येऊन पोचलेत. विषाणूचा प्रकारही वेगळा, इथे मुख्यतः बी आणि आपल्याकडे सी, त्यामुळे इथले निष्कर्ष जसेच्या तसे आपल्या माणसांना लावता येणार नाहीत. आपल्या लोकांचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा, आणि मला पुढे त्याच कामाला यायचं आहे.

तोवर ताईंना एवढं सांग: गोळी एकही चुकवायची नाही, आणि विसरायला होतं हे एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना न लाजता बोलून दाखवायचं. बीपी, साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. त्या एकट्या जायला कचरतील, तू बरोबर जा. रिपोर्ट आले की फोटो पाठव.

बाबांना नमस्कार.

तुझी भाची