स्वीकारलेले अलर्ट न पोचवणाऱ्या चॅट सेवेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: वेबहुकने (आमच्या यंत्रणेकडून तुमच्या वेब पत्त्यावर आपोआप जाणाऱ्या संदेशाने) पाठवलेले अलर्ट चॅट रूममध्ये न आल्याबाबत व उरलेली वर्गणी परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

सर्व्हर, डेटाबेस आणि बॅकअप यांच्या देखरेखीचे अलर्ट मिळावेत, एवढ्याच कामासाठी आम्ही तुमच्या चॅट सेवेची वार्षिक वर्गणी भरली. आयआरसी या जुन्या, खुल्या चॅट पद्धतीचा विचार केला होता. पण तिथे जोडणी तुटलेली असताना आलेला मजकूर एरवी नंतर मिळत नाही, म्हणून तो सोडला. एक्सएमपीपी या खुल्या चॅट पद्धतीवर चालणारा प्रोसोडी किंवा ईजॅबरडी हा चॅट सर्व्हर आमच्याच मशीनवर बसवता आला असता. पण यंत्रणा कोसळली तर तिच्यासोबत निरोप देणाराही बंद पडायचा, म्हणून बाहेरची सेवा घेतली. तुमच्या विक्री प्रतिनिधीने ‘प्रत्येक संदेश रांगेत ठेवला जातो’ असे लेखी कळवले होते. त्यावर विसंबूनच आम्ही निर्णय घेतला.

गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या डेटाबेसची डिस्क भरली. त्यावर अवलंबून असलेल्या सेवा एकामागून एक बंद पडल्या आणि अलर्टचा लोंढा सुरू झाला. रूममध्ये पोचले ते सुरुवातीचे थोडे, तेही लॉगिन होत नसल्याचे. डिस्कवर लक्ष ठेवणारा आमचा नियम खात्री करण्यासाठी काही मिनिटे थांबून अलर्ट देतो. तोवर तुम्ही आमचे संदेश गाळायला लागला होतात. मूळ कारण सांगणारा तो एक अलर्ट आलाच नाही आणि ड्युटीवरची सहकारी पहाटेपर्यंत लॉगिन सेवेतच दोष शोधत राहिली.

आमच्या लॉगमध्ये त्या रात्रीच्या प्रत्येक संदेशापुढे एचटीटीपी 200, म्हणजे ‘विनंती यशस्वी झाली’, हे तुमच्या सर्व्हरचे उत्तर आहे. तुमचा सपोर्ट विभाग म्हणतो, मिनिटाला ठरलेली मर्यादा ओलांडली म्हणून बाकीचे संदेश टाकून दिले. मर्यादेला आमची हरकत नाही. ती ओलांडल्याचे सांगण्यासाठी 429 हा कोड आहे, 2012 सालच्या आरएफसी 6585 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात तो नोंदलेला आहे, आणि किती वेळ थांबायचे तेही उत्तरासोबतच्या रिट्राय-आफ्टर या हेडरमधून कळवता येते. तसे उत्तर आले तर अलर्ट पाठवणारी आमची स्क्रिप्ट थांबून पुन्हा पाठवते. तरीही जमले नाही तर एसएमएसकडे वळते. 200 मिळाल्यावर तिने ते काम झाले असे धरले, आणि ते बरोबरच होते. पोचपावतीवर सही करून पत्र फेकून द्यावे, तसे तुम्ही वागलात.

‘अलर्ट कमी पाठवा’ हा तुमच्या सपोर्ट विभागाचा सल्ला आम्हाला मान्य नाही. अलर्टमॅनेजर या अलर्ट एकत्र करून पाठवणाऱ्या प्रणालीत गट पाडूनच आम्ही ते पाठवतो. त्याहून जास्त एकत्र कोंबले तर रात्री झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून काहीही उमगणार नाही.

मर्यादा ओलांडली की 429 देण्याची दुरुस्ती कधी होणार, हे तारखेसह लेखी कळवावे. मर्यादेचा आकडा दस्तऐवजात छापावा. आज तो कुठेच नाही. त्या रात्री गाळलेल्या संदेशांची तुमच्याकडची नोंद आम्हाला द्यावी. पंधरा दिवसांत हे झाले नाही, तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी आणि रूममधला सगळा इतिहास उतरवून घेण्याची सोय करावी.

आमचा लॉग आणि तुमच्या प्रतिनिधीचा ईमेल सोबत जोडला आहे.

आपला,
यंत्रणा देखरेख विभाग
(सही)