ती लसणाची गड्डी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नववीत असताना एका रात्री मी लसणाची अख्खी गड्डी कच्ची चावून खाल्ली आणि पहाटेपर्यंत उलट्या केल्या, हे तुम्हाला आठवत असेल. आई, तू ते पित्तावर ढकललेस आणि आठवडाभर मला मऊ भात घातलास. खरे कारण आज सत्तावीस वर्षांनी सांगतो. आपण व्हॅम्पायर होत चाललो आहोत अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती, आणि व्हॅम्पायरला लसूण सोसत नाही एवढे ऐकून ठाऊक होते, म्हणून मी स्वतःची परीक्षा घेतली. उलटी झाल्यावर तर शंकाच उरली नाही.

सोलापूरच्या उन्हात मैदानावर दहा-पंधरा मिनिटे उभे राहिले की हातांच्या पाठीवर आधी मुंग्या येत, मग कातडीखाली निखारे ठेवल्यासारखी आग होई आणि ती कधी कधी दोन-दोन दिवस शमत नसे. वर मात्र फोड नाही की व्रण नाही. त्यामुळे बाबा, कवायत चुकवण्यासाठी मी सोंग करतो असे तुम्हाला वाटले, त्याचा राग मी केव्हाच सोडला आहे. वर्गात मला ड्रॅक्युला म्हणत. आवाज फुटलेला, मिसरूड धड फुटलेले नाही, ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. शेवटी मीच ते नाव पत्करले आणि स्नेहसंमेलनात आजीच्या काळ्या शालीचा झगा करून रंगमंचावरही गेलो, कारण त्या वयात आजारी म्हणवून घेण्यापेक्षा राक्षस म्हणवून घेणे सोपे वाटत होते. रात्री मोरीतल्या आरशात अजून आपण दिसतो ना, हे बघायचे आणि जिभेने सुळे चाचपायचे, हा नेम मात्र वर्षभर चालला.

इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून जे नाव सांगितले ते फोनवर तुम्हाला नीट कळले नाही, म्हणून लिहितो : एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया. रक्ताला लाल रंग देणारे हीम तयार होताना शेवटच्या पायरीवर लोह जोडणारे विकर (एन्झाइम) माझ्यात कमी पडते, त्यामुळे प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ तांबड्या पेशींत साचत जातो आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश पडला की आग होते. हा प्रकाश साध्या काचेतूनही आत येतो. एस.टी.त हट्टाने खिडकी मागून मग मी रडत का बसे, याचा उलगडा आता झाला.

गंमत म्हणजे, १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलेवो गावाने पेटार ब्लागोयेविच या मृत गावकऱ्याचे प्रेत व्हॅम्पायर समजून उकरून काढले, तेव्हा लोकांची तक्रार तो रात्री येऊन गळा दाबतो अशी होती. उन्हाचा त्यात काही संबंध नव्हता. उन्हाने नाहीसा होणारा व्हॅम्पायर १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने दाखवला. पुढे १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने पॉर्फिरियाच्या, म्हणजे माझ्यासारख्याच आजारांच्या, रुग्णांवरूनच या कथा निघाल्या असाव्यात असे मांडले. लोककथांच्या अभ्यासकांना ते पटले नाही, आणि मला त्या गृहस्थांचा चांगलाच राग आला.

आई, हे कोणाच्या घराण्यातून आले, असे तू विचारलेस. बहुतेक वेळा एक दोष एका पालकाकडून आणि दुसरा, अगदी किरकोळ, दुसऱ्याकडून येतो. दोघांनाही आयुष्यात कधी काही जाणवत नाही. तेव्हा कुलकर्ण्यांनी जोशांवर आणि जोशांनी कुलकर्ण्यांवर बोट दाखवायचे कारण नाही.

औषध सुरू झाले आहे. दर दोन महिन्यांनी कमरेच्या वर कातडीखाली अफामेलानोटाइडची १६ मिलिग्रॅमची कांडी बसवतात. तिने रंग गडद होतो. डाळीचे पीठ लावून तू माझा जो रंग उजळवायला बघत होतीस, तोच आता मला वाचवतो आहे.

मे महिन्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी पोहोचेन. बाबा, तळ्याला एक फेरी तुमच्याबरोबर मारायची आहे. स्टेशनवर येताना काळी छत्री तेवढी आणा.

तुमचा,
बाळ