सामना दिवे लावून पाहिला जातो, हे प्रोजेक्टर निवडताना विसरू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की घरी किंवा बारमध्ये मोठ्या पडद्यावर सामने दाखवण्यासाठी प्रोजेक्टर घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो आणि त्याच सुमारास या यंत्रांच्या जाहिराती व परीक्षणे सर्वत्र दिसू लागतात. त्यांतील बहुतेक सल्ला चित्रपट पाहणाऱ्याला नजरेसमोर ठेवून दिलेला असतो, अशी माझी तक्रार आहे. चित्रपट काळोखात पाहिला जातो. सामना मात्र चार माणसे जमवून, बोलत-खात, दिवे लावून आणि पुष्कळदा भर दिवसा पाहिला जातो. या एका फरकाने निवडीचे सारे निकष बदलतात.

प्रोजेक्टर पडद्यावर फक्त प्रकाश टाकू शकतो, काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे खोलीतल्या उजेडात पडदा स्वतः जसा दिसतो तसा. १०० इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २.७६ चौरस मीटर असते आणि २,००० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) प्रोजेक्टरमुळे त्याच्या पांढऱ्या भागावर साधारण ७२५ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ७२५ ल्युमेन, प्रकाश पडतो. खोलीतल्या दिव्यांचा १५० लक्स प्रकाशही त्याच पडद्यावर पडत असेल, तर काळा भाग १५० लक्सचा आणि पांढरा ८७५ लक्सचा होतो, म्हणजे दोहोंतील प्रमाण जेमतेम सहास एक उरते, मग खोक्यावर ते लाखास एक असे का छापलेले असेना. खिडक्या झाकून आणि पडद्यासमोरचे दिवे मालवून तो १५० लक्सचा उजेड १० लक्सवर आणला, तर तेच यंत्र सत्तरास एकाच्या पुढे जाते. उलट हौसेने पडदा १५० इंची केला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि उजेडातले प्रमाण तिनास एकाच्या आसपास घसरते. दुपारच्या सामन्यात प्रेक्षागाराची सावली अर्ध्या मैदानावर आली की त्या सावलीत गेलेला चेंडू दिसतो की हरवतो, हे याच आकड्यावर ठरते. म्हणून मोठ्या पडद्याचा मोह आवरावा आणि यंत्रावर खर्च करण्याआधी पडद्यावर थेट पडणारा दिवा हलवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ल्युमेनच्या आकड्यांबाबत तर ग्राहकाची सरळ दिशाभूल होते. अ‍ॅन्सी किंवा आयएसओ २१११८ या मानकांनुसार पडद्यावरील नऊ ठिकाणी प्रकाश मोजून त्याची सरासरी काढली जाते. पण अनेक स्वस्त यंत्रांवर नुसतेच ‘ल्युमेन’ लिहिलेले असते किंवा प्रकाशस्रोताचे ल्युमेन दिलेले असतात, म्हणजे भिंगातून बाहेर पडण्याआधीचा प्रकाश. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे निरर्थक आहे. शिवाय हा मोजलेला प्रकाश पांढरा असतो आणि मैदान हिरवे असते. एका चिपच्या ज्या डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र घडवणाऱ्या) प्रोजेक्टरांच्या रंगचक्रात, म्हणजे रंग आळीपाळीने देणाऱ्या फिरत्या चकतीत, पांढरी फाक असते, त्यांत पांढरा रंग झगझगीत आणि बाकीचे रंग त्या मानाने मंद दिसतात; चित्र घडवणारी तीन एलसीडी पटले असलेल्या यंत्रांत हा फरक जवळपास नसतो. काहींना रंगचक्रामुळे नजर वेगाने फिरवताना इंद्रधनुषी झाक दिसते आणि सामना पाहताना नजर तर सतत चेंडूमागे धावत असते. सर्वाधिक उजेडाच्या मोडमध्ये कित्येक यंत्रांचे चित्र हिरवट होते व खेळाडूंचे चेहरेही तसेच दिसतात, तेव्हा तो मोड चालू ठेवून मिळणारा आकडा मी जमेस धरत नाही.

‘४के चालते’ या शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो की यंत्र तो, म्हणजे सुमारे चार हजार बिंदू रुंदीच्या चित्राचा, संकेत स्वीकारते. प्रत्यक्ष पटल १,२८० गुणिले ७२० बिंदूंचे असू शकते आणि मग लांबून टिपलेल्या दृश्यात पाठीवरचे क्रमांक वाचता येत नाहीत. सामन्यांसाठी मूळ १,९२० गुणिले १,०८० बिंदूंचे, पण उजळ यंत्र, हे मंद ४के यंत्रापेक्षा मला निःसंशय श्रेयस्कर वाटते. यंत्र तिरपे ठेवून कीस्टोनने, म्हणजे वाकडे पडलेले चित्र यंत्रातच दुरुस्त करणाऱ्या सोयीने, चित्र सरळ केले तर पटलावरचे बिंदू वाया जातात आणि चित्राची धारही बोथट होते. त्याऐवजी भिंगच वर-खाली सरकवण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे किंवा जागा नीट मोजून ते समोरासमोर बसवावे. खेळाचे प्रसारण देशागणिक सेकंदाला ५० किंवा ६० चित्रांच्या लयीत येते, तेव्हा ही लय यंत्र जशीच्या तशी दाखवते का, ते विचारावे. मधली चित्रे स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करणारी सोय मात्र वेगवान चेंडूभोवती डाग उमटवते, कधी तो क्षणभर गायबच करते. ती बंद करता आली पाहिजे.

बारची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण तिथे दिवे पूर्ण मालवता येत नाहीत, माणसे सतत ये-जा करतात आणि बरेच जण पडद्याच्या बाजूला बसलेले असतात. खोलीतला उजेड परतवणारे खास पडदे समोरून उत्तम दिसतात, पण त्यांतले बरेच कडेने पाहिल्यास मंद होतात; तिथे बसणाऱ्याला याचा मोठा तोटा होतो. छताला टांगलेले, कमी अंतरावरून मोठे चित्र देणारे यंत्र असले की कोणाची सावली पडत नाही. रोज अनेक तास चालणाऱ्या यंत्रात लेझर प्रकाशस्रोत असावा, कारण त्याचा उजेड निम्मा व्हायला साधारण २०,००० तास लागतात असे उत्पादक सांगतात, तर पाऱ्याचा दिवा काही हजार तासांतच बदलावा लागतो. आणि जिथे दिवसभर ऊन आत येते, तिथे प्रोजेक्टरचा हट्ट सोडून मोठा टीव्ही घ्यावा, हे विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आवाजाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा पोहोचतो आणि बॅटवर चेंडू बसल्याचा ठोका फटका मारून झाल्यावर ऐकू येतो. स्पीकर तारेने जोडावा किंवा हा फरक जुळवण्याची सोय यंत्रात आहे का ते पाहावे.

दुकानात प्रोजेक्टर अंधाऱ्या कक्षात, संथ निसर्गदृश्ये लावून दाखवला जातो. ग्राहकाने दिवे लावायला सांगून एखाद्या सामन्याचे लांबून घेतलेले दृश्य पाहण्याचा आग्रह धरावा. आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की प्रोजेक्टरचे परीक्षण छापताना उत्पादकाचा आकडा तसाच न उचलता मानकानुसार मोजलेले ल्युमेन, पटलाचे मूळ बिंदू आणि उजेडातल्या खोलीत दिसलेले चित्र या तीन गोष्टींची नोंद प्रत्येक वेळी द्यावी.

आपला विश्वासू,
एक क्रीडाप्रेमी वाचक