अधिकार काँग्रेसचा असेल, तर काँग्रेसने तो वापरावा : टेक्सासच्या सिनेटर महोदयांना खुले पत्र

माननीय सिनेटर महोदय,

सादर नमस्कार. मी आपला मतदार नाही. कामाच्या व्हिसावर डॅलसजवळ राहून गेली पंधरा वर्षे कर भरणारा पुणेकर आहे.

लहानपणी आईवडिलांबरोबर कागदपत्रांविना आलेल्या मुलांना कायदेशीर वास्तव्याचा मार्ग देणारा ड्रीम ॲक्ट 2001 साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सिनेट या वरिष्ठ सभागृहात ऑरिन हॅच आणि डिक डर्बिन या दोन पक्षांच्या सदस्यांनी मांडला. त्या वर्षी जन्मलेली मुले आज कमावती झाली, विधेयक मात्र विधेयकच राहिले. डिसेंबर 2010 मध्ये प्रतिनिधिगृहाने ते संमत केले. सिनेटमध्ये 55 विरुद्ध 41 अशी मते पडूनही, चर्चा संपवायला 60 लागतात म्हणून ते अडले. 2018 मध्ये सीमासुरक्षेचे 25 अब्ज डॉलर जोडून आणलेल्या तडजोडीलाही 54 च मते मिळाली.

मधल्या काळात, 2012 साली, अध्यक्ष ओबामांनी या मुलांची हद्दपारी तात्पुरती थांबवून त्यांना कामाचा परवाना देणारी ‘डाका’ (DACA) योजना आणली. मराठी कानाला हे नाव दरोड्यासारखे ऐकू येते आणि गंमत म्हणजे विरोधकांचा आक्षेपही तोच आहे, की अध्यक्षांनी काँग्रेसच्या अधिकारावर डाका घातला. आपले राज्य 2018 पासून हेच न्यायालयात मांडत आहे. हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण अधिकार काँग्रेसचा असेल, तर पंचवीस वर्षे तो न वापरण्याची जबाबदारीही काँग्रेसचीच ठरते.

आमच्या शेजारची मुलगी चार वर्षांची असताना मेक्सिकोतून आली. आता ती शाळेत गणित शिकवते. तिच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कागदावर ‘डाका’खाली मिळालेल्या कामाच्या परवान्याची अखेरची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. परवाना दर दोन वर्षांनी संपतो आणि गाडीचे लायसन्सही त्याच दिवशी.

“आम्ही रांगेत उभे राहिलो, यांनी का नाही?” हा प्रश्न गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आमची माणसेही विचारतात. माझा मुलगा रांगेतूनच आला. ग्रीन कार्डाची आमची पाळी येण्याआधी तो 21 वर्षांचा होईल आणि माझ्या व्हिसावरचे त्याचे वास्तव्य संपेल. ‘डाका’त तो बसत नाही, कारण त्यासाठी 15 जून 2012 रोजी कागदपत्रे नसावी लागतात आणि त्याची त्या दिवशी चोख होती.

एक पक्ष आधी सीमा बंद करा म्हणतो, दुसरा कागदपत्रांविना राहणाऱ्या सर्वांचा प्रश्न एकदम सोडवू पाहतो, आणि या सौद्यात ही मुले तारण राहतात. म्हणून विनंती एवढीच, की दोन्ही प्रकारच्या मुलांना सामावणारे विधेयक इतर कशालाही न जोडता सभागृहात यावे, यासाठी आपण आग्रह धरावा. आपला विरोध असल्यास विरोधात मत द्यावे, परंतु ते नावानिशी नोंदवावे.

आपला नम्र,
डॅलसजवळचा एक रहिवासी